इंदूबाईंची सीट

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी गाडी आहे. अकोल्याच्या जुन्या शहरात, शेषरावांच्या घराच्या खिडकीखाली उभी असते.

शेषराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी मला घरी आणले. त्यांच्या पत्नी इंदूबाई. वर्षानुवर्षे कापूस वेचून त्यांची कंबर कायमची धरली होती. एसटीने मूर्तिजापूरला जाऊन आल्या तरी चार दिवस उठवत नसे. त्यांच्या मनात एकच होते, एकदा सांचीचा स्तूप पाहायचा.

"मले कोन नेते येवढ्या लांब," त्या म्हणायच्या.

"मी नेतो ना," शेषराव म्हणाले. "गाडीच तुह्या कमरेजोगी करतो."

त्यांनी बोलल्याप्रमाणे केले. पुढच्या सीटमधला मऊ फोम काढून घट्ट फोम भरला, कमरेशी उंचवटा करवून घेतला. इंदूबाईंना त्यावर बसवून "इथं टोचते का? अन् इथं?" असे विचारत कारागिराकडून तो पुन्हा पुन्हा कापून घेतला. पाय लांब करता यावेत म्हणून सीट मागे सरकवली. शॉकअप बदलले, रुंद टायर बसवले, रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून दारांना आतून जाड थर लावला. मग आम्ही अकोटपर्यंत जाऊन आलो. परतताना इंदूबाईंना गाढ झोप लागली. शेषराव गाडी हळू चालवत होते, आणि मला माझाच अभिमान वाटत होता.

दिवाळीनंतर निघायचे ठरले. त्याआधी मुलगा धर्मेंद्र अमरावतीहून आला. तिथे त्याचे कोचिंग क्लास आहेत. माझ्यातून एक चक्कर मारून तो म्हणाला, "बाबा, आठ दिवस गाडी देता का? इंदूरले काम हाय. आईले पुढच्या महिन्यात नेऊ."

शेषरावांना नाही म्हणता आले नाही. तो पुढचा महिना काही आला नाही. क्लासचे पाहुणे, सासुरवाडीची लग्ने, मित्रांच्या सहली. जो बसे तो म्हणे, "काय आरामशीर गाडी हाय." इंदूबाईंच्या सीटवर परकी माणसे पाय पसरून घोरत. शेषरावांचा फोन आला की धर्मेंद्र म्हणायचा, "बाबा, इतकी घाई कायची हाय?" माझा फोम दबत गेला.

मग धर्मेंद्रने मोठी गाडी घेतली आणि मला परत आणून सोडले. तोवर इंदूबाईंनी अंथरूण धरले होते. डॉक्टरांनी त्यांना बसायचीही मनाई केली होती. खिडकी उघडी होती, म्हणून मला आतले बोलणे ऐकू आले.

"तू जाऊन आला म्हने सांचीले," इंदूबाई म्हणाल्या.

"हो. मित्रांसंगं गेलतो."

"चढाव हाय का तिथं?"

"लय हाय. तुले जमलंच नसतं, आई."

"मंग बरं झालं. तुह्या बाबाले सांग तेवढं. ते उगीच मनाले लावून घेतात."

शेषराव दारातच उभे होते. ते बाहेर आले आणि माझ्या बॉनेटवर हात टेकून बराच वेळ उभे राहिले.

मित्रांनो, मी सांचीला गेले आहे. रस्ता टेकडीवर थेट दारापर्यंत जातो. मी तिथेच उभी होते.

तुमच्या घरात कुणी कुणासाठी जीव लावून काही केले असेल, तर ते मागून नेऊ नका. ज्याच्यासाठी केले, त्याला आधी त्यात बसू द्या.