कापराचा कौल

सोमवारची आरती म्हणजे वेळेकोंडात आता जत्राच झाली होती. गावाबाहेर कातळाच्या सड्यावर, काजूच्या झाडांखाली, शे-दीडशे माणसं दाटीवाटीने उभी राहत आणि सगळ्यांचे डोळे भागोजीच्या उजव्या तळहातावर खिळलेले असत. भागोजी अकिंचनस्वामींच्या समाधीसमोर हात पसरून उभा. हातावर कापराच्या चार वड्या, आणि त्याही पेटलेल्या. आरती संपेपर्यंत कापूर जळे, पण भागोजी हूं की चूं करत नसे. बायका पदर डोळ्यांना लावत. सुट्टीवर आलेले मुंबईकर टोप्या काढून हात जोडत.

"पाहा," रावजीमहाराज दोन्ही हात उंचावून सांगत, "अकिंचनस्वामींच्या कृपेने अग्नी शीतळ झाला. ज्याचं पाप फिटलं, त्याला अग्नी शिवत नाही. हा स्वामींचा कौल आहे, कौल."

दुसऱ्या दिवशी त्याच तळहातावर बोराएवढे फोड येत. त्यालाही महाराजांकडे उत्तर तयार होतं. उरलंसुरलं पाप फोडांवाटे बाहेर पडतं म्हणे. ते बाहेर पडलेलं पाप धुऊन, मलम लावून पट्टी बांधायचं काम मात्र हौसाकडे. कृपा वाटायला महाराज आणि पू पुसायला हौसा, अशी कामाची छान वाटणी झाली होती.

हौसा विधवा झाली तेव्हापासून, म्हणजे बारा वर्षं, सड्यावरच्या या आश्रमात रक्तपितीच्या, म्हणजे महारोगाच्या, रोग्यांच्या जखमा धूत होती. जीभ तिखट. "तुझी जीभ टिंचरसारखी आहे," स्वामी म्हणायचे, "झोंबते, पण जखम साफ करते."

अकिंचनस्वामी भगवी छाटी नेसत, पण त्यांच्या हातात जपमाळेपेक्षा खराटाच जास्त दिसे. गावाने हाकलून दिलेली रोगी माणसं सड्यावर कुडाच्या खोपटांत राहत, त्यांच्या शेजारी स्वामींनी आपलं खोपट बांधलं. कातळ फोडून विहीर खणली आणि महार, कुणबी, मुसलमान सगळ्यांना एकाच रहाटाने पाणी ओढायला लावलं. कोणी पाया पडायला वाकलाच तर म्हणत, "वाकलायस तसा तो कचराही उचल." दवाखान्यातून रक्तपितीच्या पांढऱ्या गोळ्या आल्या तेव्हा लोकांना वाटलं विषच आलं. "बघा आणि विचारा," म्हणत स्वामींनी सगळ्यांसमोर पहिली गोळी स्वतः गिळली. मरताना बजावून गेले, समाधी बांधू नका, त्या पैशांच्या पट्ट्या घ्या. लोकांनी रडत रडत ऐकून घेतलं आणि तेराव्याच्या आत समाधीचे चिरे आणून टाकले. आपल्याकडे साधूचं ऐकायचं नसतं, त्याला फक्त हार घालायचा असतो.

समाधीपाठोपाठ रावजी उगवला. आधी मुंबईत कुठल्याशा नाटक कंपनीत पडदे ओढायचा. स्वामींनी म्हणे स्वप्नात येऊन त्याला आपली गादी दिली. स्वामी जन्मभर चटईवर निजले, त्यांच्याकडे गादी आली कुठून, हा प्रश्न एकट्या हौसाला पडला. आगीत हात गेला तरी भागोजी ओरडत नाही हे रावजीच्या नजरेने पहिल्याच आठवड्यात हेरलं होतं. त्याने भागोजीच्या गोळ्या बंद केल्या आणि त्याला आरतीसमोर उभा केला.

तरीही हौसा गप्प बसली असती, कारण गावाशी भांडायला तिला वेळ नव्हता. पण गोष्ट तिच्या धाकट्या बहिणीवर आली.

काशीच्या डाव्या तळहातावर तीन वर्षांपूर्वी फिकट चट्टा उठला होता. नवरा मुंबईला कामाला; सासऱ्याने, धाकूने, तिला त्याच दिवशी आश्रमात आणून सोडलं आणि पाठ फिरवली. तेव्हापासून काशी न चुकता गोळ्या घेत होती. या चैत्रात एकदा त्याच हाताला तव्याचा चटका बसला आणि ती चुलीपुढून ओरडत आली, "आक्का, भाजलं गो, माका भाजलं." हौसाने त्या दिवशी सगळ्या आश्रमाला गूळ वाटला. भाजल्याचा आनंद करणाऱ्या या बहिणींना बघून रावजी कपाळाला आठ्या घालून निघून गेला.

पुढच्या आरतीला त्याने काशीच्या त्याच तळहातावर कापूर पेटवला. तिने किंचाळून हात झटकला.

"पाप शिल्लक आहे," रावजीने निकाल दिला. "दवाखान्याच्या गोळ्यांनी कृपा अडवली. गोळ्या बंद. एकवीस दिवस तीर्थ घे. मग अग्नीने कौल दिला, तर सासरचे तुला नांदवतील."

धाकूने सगळ्यांसमोर मान डोलावली. काशीने गोळ्या उकिरड्यावर टाकल्या. हौसाने समजावलं, शिव्या घातल्या, शेवटी हात जोडले.

"माका माज्या घरी जायचंय, आक्का," काशी म्हणाली. "हात जळला तरी मी हलवायची नाय."

ती खरंच हलवणार नाही हे हौसाला ठाऊक होतं.

सोमवारी दुपारी रत्नागिरीहून करीम कंपौंडर सायकलवर गोळ्या घेऊन येई. एकविसाव्या दिवशी हौसाने त्याला आरतीपर्यंत थांबवून घेतलं. करीम म्हणाला, "बाय, मी मुसलमान. मी बोललो तर गाव म्हणेल, आमच्या देवावर उठला. बोलायला तूच लागशील."

"बोलायला मी हायेच," हौसा म्हणाली. "तू नुसता उभा रहा."

आरतीला धाकू बायकोला घेऊन आला होता. काशी ओल्या केसांनी, दात आवळून पुढे उभी. रावजीने कापराची डबी उघडली तेवढ्यात हौसा मधे आली.

"महाराज, आधी भागोजीदादाचा कौल दाखवा. माझ्या बहिणीला धीर येईल. फक्त आज त्याचे डोळे बांधू."

रावजी खूश झाला. भागोजी म्हणजे त्याचा हुकमी एक्का. "बांध की. श्रद्धेला डोळे लागत नाहीत."

हौसाने भागोजीचे डोळे फडक्याने घट्ट बांधले, तळहातावर चार वड्या ठेवल्या, काडी ओढली आणि फुंकून विझवली. कापूर तसाच कोरा राहिला.

"भागोजीदादा, पेटला हो कापूर. कसं वाटतंय?"

"थंड," भागोजी भक्तीने म्हणाला. "स्वामींनी हात ठेवलेला हाय."

मागे कोणी तरी फिसकन हसलं. हौसाने वड्या हळूच उचलून घेतल्या. "अजून जळतोय?"

"जळतोय की."

तळहात रिकामा होता. आता कोणी हसलं नाही. हौसाने फडकं सोडलं आणि भागोजी आपल्या हाताकडे बघतच राहिला. त्याचा चेहरा बघून हौसाला स्वतःचीच लाज वाटली, पण आता थांबून चालणार नव्हतं.

"याला कापूर पेटलेला कळत नाय, इझलेला कळत नाय, हातावर हाय की नाय तेही कळत नाय. ही कृपा न्हवं, हाच तो रोग. रक्तपिती आधी हाताची जाण मारते. माझ्या काशीला चटका बसला तो पापाने न्हवं, गोळीने. तिचा हात जिता होत होता, आणि तुमी तिला पापी ठरवलंत."

"हीसुद्धा स्वामींची लीला," रावजी म्हणाला, पण आवाज खाली आला होता.

"मग तुमच्याएवढा पुण्यवान दुसरा कोण? हात करा पुढे." हौसाने ताटलीत कापूर पेटवला. रावजीचे दोन्ही हात पाठीमागे गेले.

"गुरूची परीक्षा घेणं महापाप आहे. शिवाय आज माझं मौन आहे."

तासभर प्रवचन झाल्यावर आठवलेलं हे मौन बघून धाकूच पुढे झाला. "महाराज, सुनेचा हात जाळायला निघालो होतो मी. तुमचा हात का लपवताय?"

मौन असल्यामुळे रावजीने उत्तरादाखल फक्त खडावा पायात सरकवल्या. गर्दीच्या कडेकडेने तो आश्रमाच्या मागच्या वाटेला लागला. कोणी त्याला अडवलं नाही, कारण सगळे एकमेकांची नजर चुकवण्यात गुंतले होते.

"चल घरी, पोरी," धाकू काशीला म्हणाला.

काशीने करीमपुढे हात पसरला. "आधी गोळ्या. डाक्तर सोडा म्हणेल तेव्हाच सुटतील. त्या घेऊन चालत असेल, तर येतंय." धाकूने मान खाली घालून होकार दिला.

हौसा लोकांकडे वळली. "स्वामींनी बारा वर्षं तुमाला एकच सांगितलं, बघा आणि विचारा. पुढच्या खेपेला कोणी चमत्कार दाखवला, तर हात जोडायच्या आधी बघा, हात कोणाचा जळतोय. आणि दाखवणाऱ्याला म्हणा, आधी तुझा हात आण."

गर्दी पांगली तरी भागोजी तिथंच बसून होता. त्याने उजव्या हाताची वाकडी, काळी पडलेली दोन बोटं पुढे केली.

"करीम, मी चार महिने गोळ्या सोडल्या. आता घेऊन काय होईल? खरं सांग."

करीमने त्याच्या शेजारी उकिडवं बसून हात बराच वेळ तपासला.

"ही दोन जाणार, भागोजी," तो म्हणाला. "उरलेली आठ राखू."