अर्धी गोळी

प्लंबरकाकांनी आयुष्यभर लोकांचे तुंबलेले नळ मोकळे केले, पण दवाखान्याच्या त्या खिडकीपुढे त्यांची मात्रा कधी चालली नाही. बायकोला फिटचा त्रास. सकाळी एक, संध्याकाळी एक, अशी जन्मभराची गोळी. तेवढी घेतली की बाई ठणठणीत; अकरा वर्षांत एकदाही झटका आला नव्हता. पण डॉक्टरांच्या सहीशिवाय दुकानदार गोळी द्यायचा नाही, आणि सही महिन्यापुरतीच. म्हणून दर महिन्याच्या ठरल्या दिवशी, घरात चार गोळ्या उरलेल्या असताना, खिडकीत चिठ्ठी द्यायची आणि दोन दिवसांनी सहीचा कागद न्यायला पुन्हा रांग लावायची. खुर्च्या डॉक्टरांची वेळ घेतलेल्यांना. कागदवाल्यांनी तासन् तास उभं राहायचं. हा नियम काढणाऱ्याचे गुडघे नक्कीच धडधाकट असणार.

काकांचे गुडघे मोऱ्यांपुढे बसून बसून कामातून गेले होते. रांगेतून घरी आले की ते नुसते पाय पसरून बसायचे. बायको शेकायला गरम पाण्याची पिशवी आणून द्यायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची.

या महिन्यात खिडकीतल्या बाईने चिठ्ठी परत सरकवली.

"सहा महिने झाले, काका. आता पेशंटला तपासल्याशिवाय सही नाही. पुढच्या गुरुवारी घेऊन या."

"अहो, आज तर शुक्रवार!"

"डॉक्टर रजेवर आहेत, मी काय करू? घरात किती गोळ्या आहेत?"

मागचे आजोबा कानाशी लागले, "संपल्या म्हणा. दुसऱ्या डॉक्टरांकडून आजच्या आज देतात."

पण काका सरळमार्गी. सकाळीच बायकोला विचारून निघाले होते. "चौदा," ते म्हणाले.

"मग गुरुवारपर्यंत पुरतात की! उगाच जिवाला घोर लावून घेता."

हिशेब चोख होता. काकांना हायसं वाटलं. दरवेळी चार उरायच्या त्या आज चौदा कशा, हा प्रश्न खिडकीतल्या बाईला पडायचं कारण नव्हतं. काकांना पडायला हवा होता, आणि तो पडला नाही.

रविवारी दुपारी कपडे धुता धुता बायको कोसळली. मोरीच्या कट्ट्यावर कपाळ फुटलं. काकांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं, शेजारणीने ॲम्ब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर तिने सांगून टाकलं.

"अर्धीच घेत होते मी. दहा-बारा दिवस झाले. म्हटलं, एका महिन्याच्या दोन महिने पुरवू. तेवढंच तुमचं उभं राहणं वाचेल."

"अगं, वेडी का खुळी तू!" काका म्हणाले. त्यांना रडू फुटलं. आपण घरी येऊन पाय पसरले नसते तर, एवढंच त्यांच्या डोक्यात घुमत राहिलं.

गुरुवारी डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी फाइलीत लिहिलं: रुग्ण औषध नियमित घेत नाही. आणि असं लिहिलं की दवाखान्याचा नियम बदलतो.

"यापुढे गोळ्या आठवड्याच्याच मिळतील. दर आठवड्याला नवी सही."

कपाळावर पट्टी बांधलेली बायको खुर्चीतून अर्धवट उठली. "साहेब, चूक माझी आहे. यांना उभं करू नका हो. पाया पडते तुमच्या."

"तुमच्या काळजीपोटीच आहे हे, काकू," डॉक्टर समजुतीने म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी त्यांनी घंटा वाजवली.

त्यानंतर ती दोन्ही वेळा अख्खी गोळी घेऊ लागली. गोळी गिळून झाली की ती काकांपुढे येऊन उभी राहायची, कुणी न सांगता तोंड उघडायची आणि जीभ उचलून दाखवायची. काकांना ते बघवायचं नाही. पण मान फिरवली तर तिला वाटेल, आपल्यावरचा यांचा विश्वास उडाला. म्हणून रोज दोनदा ते नीट वाकून बघायचे आणि म्हणायचे, "हं, गेली."