हवाई बेटाचं भरीत

एकाहत्तर सालच्या डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी पाचोऱ्याचे आधार पाटील असोद्याला व्याह्यांच्या घरी आले, ओट्यावर टेकले, आणि समोर ठेवलेल्या पाण्याच्या तांब्याला त्यांनी हात लावला नाही.

ते कशासाठी आले आहेत, हे द्रौपदाबाईंना तेवढ्यावरूनच कळलं. त्यांच्या सोयऱ्याधायऱ्यांत रीत होती की ठरलेली सोयरीक मोडायला जो जातो, तो त्या घरचं पाणी घेत नाही. पाणी एकदा पोटात गेलं, की मोडण्याचा शब्द तोंडातून काढता येत नाही. आधार पाटील रीत पाळणारे गृहस्थ होते. सकाळच्या गाडीने निघाले होते, सैन्याच्या गाड्यांना वाट देत ती गाडी जागोजाग थांबली होती, आणि त्यांचे ओठ कोरडे पडले होते. तरी तांब्या भरलेलाच राहिला.

कारण विचारायची गरज नव्हती. द्रौपदाबाईंचा एकुलता एक मुलगा वना आरमारात होता, लढाऊ जहाजाच्या इंजिनखोलीत. ते जहाज बंगालच्या उपसागरात कुठेतरी होतं, आणि अमेरिकेचं सातवं आरमार त्याच उपसागराकडे निघाल्याचं कालच्या पेपरात आलं होतं. वनाचं आणि आधारांच्या लेकीचं लग्न माघात ठरलं होतं.

द्रौपदाबाईंना आरमाराचा अंदाज नव्हता. त्यांचा हिशेब निराळा होता. ज्याची तिथी निघाली, त्याला आधी हळद लागणार. बाकीचं जे काही व्हायचं, ते त्यानंतर. लढाई सुरू झाल्यापासून त्या एवढ्याच आधारावर जेवत आणि झोपत होत्या. तिथी मोडली, तर पोराच्या आणि समुद्राच्या मध्ये काहीच उरणार नव्हतं.

त्यांनी शेजारून दिराला बोलावणं धाडलं. अभिमन गुरुजी शाळेत इतिहास शिकवत. ते आले, नमस्कार झाले, आणि आधारांनी विषयाला तोंड फोडण्याआधीच द्रौपदाबाई म्हणाल्या, "भाऊ, ही अमेरिका इतक्या लांबून इथवर येते तरी कशी? व्याहीबुवांना जरा सांगा."

गुरुजींना असा प्रश्न कुणी वर्षभरात विचारला नव्हता. भरतासाठी टोपलीत हिरवी वांगी काढून ठेवली होती. त्यांतली चार त्यांनी ओट्यावर मांडली. हे हवाई, हे ग्वाम, हे फिलिपाइन्स, आणि हे जरा किडकं होतं ते जपान. पाऊणशे वर्षांपूर्वी अमेरिकेचा माल उदंड झाला आणि गिऱ्हाईक कमी पडलं, तेव्हा तिची नजर चीनच्या बाजाराकडे गेली. पण तो बाजार समुद्रापार. मध्ये जहाजाला कोळसा कोण देणार? मग हवाई गिळलं, आणि स्पेनशी भांडण काढून ग्वाम आणि फिलिपाइन्स घेतले. इंग्रज, जर्मन, जपानी, सगळेच त्या काळी बेटं हुडकत होते.

आधार पाटील नको म्हणत असूनही यात ओढले गेले. ते पाचोरा-जामनेर छोट्या गाडीवर फायरमन होते, आणि हा विषय थेट त्यांचा होता.

"कोळसा राहू द्या," ते म्हणाले. "पाणी सांगा. इंजिनले पाणी नही, ते इंजिन नही. आमना जामनेरना रस्ताले टाकी नसती, ते गाडी शेतमा उभी ऱ्हाती."

गुरुजींनी नम्रपणे सांगितलं की आताचं ते मोठं जहाज अणूवर चालतं.

"अणू तरी काय तापाडस? पाणीच ना?"

गुरुजींनी हवाईचं वांगं जरा पुढे सरकवलं. पेपरात इतकं खोलवर आलं नव्हतं.

तेवढ्यात द्रौपदाबाई येऊन हवाई बेट घेऊन गेल्या. अंगणात कपाशीच्या काड्यांचा जाळ पेटला होता. गुरुजी उरलेल्या तीन बेटांवर बोलत राहिले. थोड्या वेळाने ग्वाम गेलं, मग फिलिपाइन्स. जपान मात्र द्रौपदाबाईंनी उलटसुलट पाहून गुरांसाठी बाजूला टाकलं. गुरुजींपाशी आता नुसता समुद्र उरला होता. त्यावर त्यांनी रशियाची जहाजं बोटाने दाखवली. ती अमेरिकेच्या पाठोपाठ येत होती, दारुड्यामागे पोलीसपाटील चालावा तशी.

आधारांनी ऐकून घेतलं. मग उपरण्याने तोंड पुसलं आणि आवाज उतरवून म्हणाले, "ते बठ्ठं खरं शे. पण द्रौपदाबाई, मी पोरीना बाप शे. माले एक गोट बोलनी शे."

"बोला की," द्रौपदाबाई अंगणातून म्हणाल्या, आणि पदर नाकाला लावून त्यांनी ओंजळभर हिरव्या मिरच्या जाळाशेजारच्या तव्यावर टाकल्या.

वारा ओट्याकडे होता. तो दुपारी कायमच ओट्याकडे असतो. त्या घरात द्रौपदाबाईंची पंचवीस वर्षं गेली होती.

आधार पाटलांनी "ती तिथी" एवढं म्हटलं आणि त्यांना ठसका लागला. साधा नव्हे. डोळ्यांतून पाणी आलं, मान लाल झाली, हात आपोआप पुढे गेला आणि तांब्या उचलला. जन्मभर इंजिनाच्या धुरात काढलेला माणूस मिरचीच्या धुराने हरला. अर्धा तांब्या गेल्यावर त्यांना श्वास आला, आणि श्वास आल्यावर हातात काय आहे ते दिसलं.

गुरुजी छपराकडे बघत होते.

आधारांनी तांब्यात डोकावून पाहिलं. मग उरलेलं पाणीही पिऊन टाकलं. अर्धं ठेवून आता उपयोग नव्हता.

द्रौपदाबाईंनी ताट आणलं. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात.

"काय बोलत होता, व्याहीबुवा?" त्यांनी विचारलं.

"ते पाणीसंगे गयं," आधार म्हणाले आणि भाकरी मोडली. पहिला घास खाऊन त्यांनी विचारलं, "हाई कोणतं बेट शे?"

"हवाई," गुरुजी म्हणाले.

आधारांनी मान डोलावली आणि ताट पुढे सरकवलं. द्रौपदाबाईंनी त्यात आणखी भरीत वाढलं. मग त्या खांबाला टेकून खाली बसल्या आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं की अमेरिकेच्या त्या जहाजांना आपल्याकडच्या समुद्रात पाण्याची टाकी कुठे आहे का.

"नही," आधार म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं, पण ते आता मुलाच्या बाजूचे होते. "एकबी नही."