जठारपेठेतला साखळीचा पेला

मित्रांनो, माझ्या काठाखाली एक बारीक भोक आहे. घरात आलेली लेकरं मला उलटंसुलटं करून पाहतात आणि हमखास विचारतात, "पेल्याला भोक कशाला?" त्या भोकाची गोष्ट हीच माझी गोष्ट. मी एक जुना पितळी पेला. आज माझं अंग काळवंडलं आहे, बुडाला पोचा आला आहे. पण एके काळी अकोल्याच्या जठारपेठेत माझ्यासाठी माणसं उन्हात थांबत असत.

माझा जन्म अमरावतीचा. नत्थुजी तांबटांच्या हातोडीचे ठोके अजून माझ्या अंगावर खवल्यांसारखे दिसतात. पहिला ठोका देण्याआधी ते हात जोडत आणि म्हणत, "बापा, तहानल्याच्या कामी ये." तो आशीर्वाद मला लागला. कापसाचे दलाल केशवराव यांनी मला विकत घेतलं आणि आपल्या दुकानासमोर पाणपोई घातली. दोन मोठे रांजण, भोवती वाळ्याचे ताटे, आणि मी. कोणी उचलून नेऊ नये म्हणून मला भोक पाडलं आणि साखळीनं खांबाला बांधलं.

पाणी पाजायला मनकर्णाबाई होत्या. एकट्या बाई, आवाज इतका हळू की रांजणातल्या पाण्यालाही धक्का लागू नये. त्यांचा एक नेम होता. गुढीपाडव्यापासून मृग लागेपर्यंत, आपल्या हातानं एका तरी तहानलेल्याला पाणी दिल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही. अकरा वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. हमाल, टांगेवाले, कचेरीतले बाबू, सगळ्यांचे ओठ मला लागत. मला वाटे, मी साऱ्या गावाचा.

पण ते खरं नव्हतं. पाणपोईच्या मागच्या अंगाला टिनाची एक पन्हळ होती. काही माणसांनी तिच्या टोकाशी वाकून ओंजळ धरायची, आणि बाईंनी आतून, दुरून पाणी सोडायचं. सरकीच्या तेलाच्या गिरणीत काम करणारी पंचफुला तिथंच पाणी पीत असे. एकदा वाऱ्यानं तिच्या पदराचं टोक माझ्या साखळीला लागलं, तर बाईंनी मला चिंच आणि राखेनं तीनदा घासलं. केशवराव मात्र खोकत खोकत यायचे, ओल्या मिशा माझ्यात बुडवायचे, तेव्हा नुसतं विसळलं की झालं. बाई वाईट नव्हत्या हो. त्यांना शिकवलंच तसं होतं.

मग एका दसऱ्याला पंचफुला नागपूरला जाऊन आली. बौद्ध झाली. त्या दिवसापासून तिनं पन्हळीखाली ओंजळ धरणं सोडलं. घरूनच पाण्याचा गडू भरून आणायची आणि पाणपोईसमोरून ताठ मानेनं जायची. बाई तिच्याकडे बघत राहायच्या. 

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, सत्तावन्न साली, तापाची साथ आली. परदेशातून बोटीनं आली म्हणत, बंदरातून आगगाडीनं. घरोघरी माणसं अंथरुणाला लागली. गिरणीत निम्मे हात येईनात, तेव्हा यंत्रंही थंड पडली. केशवराव दुकानातच फणफणले. पण तहान लागली म्हणून उठून पाणपोईवर आले आणि माझ्यातून दोन पेले पाणी पिऊन गेले. बाईंनी मला विसळलं. तिसऱ्या दिवशी बाईंनाच ताप भरला.

नगरपालिकेचा माणूस त्यांना गोळ्या द्यायला आला. म्हणाला, "बाई, हा ताप खोकल्यातून पसरते. एकाचा उष्टा पेला दुसऱ्यानं तोंडाले लावू नये. पेला काढा."

बाई म्हणाल्या, "मी तं सोवळ्यानं घासतो, बापा."

"कोनाच्या मागून घासता?"

बाईंची नजर माझ्या साखळीकडे गेली. मित्रांनो, तो प्रश्न मलाही लागला. माझ्या काठावरून किती घरांत ताप गेला असेल, देव जाणे. ज्यांच्या मागून मला घासलं, त्यांच्यापासून काही आलं नव्हतं. ज्यांचा मान राखला, त्यांच्यापासून आलं होतं.

बरं वाटल्यावर बाई पाणपोईवर आल्या. त्यांनी मला साखळीतून सोडवून फळीवर पालथं घातलं आणि मागची पन्हळ काढून पुढच्या दारी बांधली. आता लहानथोर, सगळ्यांनी ओंजळीनंच प्यायचं.

दुपारी केशवराव आले. "बाई, पेला कुठं गेला?"

"ओंजळ धरा जी. पाणी सोडतो."

"मी? पन्हळीखाली?" त्यांचा चेहरा लाल झाला. "डोकं ठिकाणावर हाये का तुमचं? पाणपोई कोनाची हाये?"

तेवढ्यात गिरणीतून परतणारी पंचफुला तिथं थबकली. ती म्हणाली, "प्या ना केशवरावजी, गोडच लागते. आमी इतकी वर्सं तसंच पिलो, कोनी मेलं नाही."

रांगेतले हमाल खुदकन हसले. केशवराव बाईंकडे वळले. "पेला द्या, नाही तं उद्यापासून येऊ नका."

बाईंची मान खालीच होती, पण हात फळीकडे गेला नाही. "पाणी मागान तितकं देतो, जी. पेला नाही देत."

केशवराव तहानलेलेच निघून गेले. दुसऱ्या दिवशी ताटे उतरवले, रांजण दुकानात गेले. बाईंनी कोपऱ्यात पडलेल्या मला पदराखाली घेतलं आणि घरी आणलं. तेव्हापासून त्या आपल्या दाराशी एक माठ ठेवून पाणी पाजू लागल्या.

दोन वर्षांनी रस्त्याच्या कडेला नगरपालिकेची टाकी आली. तोटी फिरवली की पाणी! ना पाजणारा हात, ना पेला, ना पन्हळ. लोकांना मोठी सोय झाली, कोणी कोणाला "तू मागून ये" म्हणेना. मला आनंदच झाला. पण बाईंच्या दारी येणारे एकेक करून कमी झाले. पुढच्या वैशाखात तर असा दिवस उजाडला की दोन वाजले तरी कोणी आलं नाही. माठ गार, चूल झाकलेली, भाकर दुरडीत तशीच. बाईंचे ओठ सुकले होते. पण नेम म्हणजे नेम.

गिरणीतून पंचफुला घरी चालली होती. हातात तिचा गडू होता.

"काहून बसल्या वो बाई अशा? जेवल्या नाही?"

"आज कोनी तहानलंच नाही, माय."

सारं गाव बाईंचा नेम जाणून होतं. पंचफुलानं हातातल्या गडूकडे पाहिलं. तो अर्धा भरलेला होता. तिनं तो पायरीवर ठेवून दिला.

"द्या मले पाणी. पन पन्हळीतून नाही पिणार, आधीच सांगतो."

बाई उठल्या. त्यांनी मला फळीवरून काढलं, चुलीवर पाणी उकळलं, त्यात मला बुडवून काढलं आणि माठातलं पाणी काठोकाठ भरलं. मग दुरून नव्हे, हातात दिलं. पंचफुलानं सवयीनं मला उंच धरलं.

"वरून पिऊ?"

"नाही," बाई म्हणाल्या. "तोंड लावून पी."

मित्रांनो, साऱ्या गावाचे ओठ लागलेल्या मला ते ओठ त्या दिवशी पहिल्यांदा लागले. ती सावकाश प्यायली, शेवटच्या थेंबापर्यंत. बाईंनी मला परत घेतलं आणि पुन्हा उकळत्या पाण्याकडे वळल्या. पंचफुलाचे डोळे बारीक झाले.

"माह्या मागून घासता का, बाई?"

"तुह्या आधीबी धुतला, पाह्यलं ना? आता मी पितो. माह्या मागूनबी धुवीन."

पंचफुला हसली आणि पायरीवरच टेकली. बाईंनी दुरडी पुढे ओढली, भाकर मोडली, अर्धी तिच्या हातावर ठेवली.

आज बाई नाहीत. मी त्यांच्या भाचीच्या मांडणीवर असतो. लेकरांनो, मला धूत जा. साथ असो वा नसो, प्रत्येकाच्या मागून, निगुतीनं, उकळत्या पाण्यानं धूत जा. पण माणूस पाहून धुवू नका.