तेलातलं पाप

मैदानात डिझेलच्या जुन्या गाड्यांची ही रांग लागली होती! खिळखिळे टेम्पो, दोरीनं दारं बांधलेल्या जीपा, पत्रा गंजलेल्या व्हॅन, आणि प्रत्येकीपुढे तिचा मालक हात जोडून उभा. मांडवात तेलमहाराजांनी काचेची बरणी उंच धरली. आत हॉटेलच्या कढईतलं, तळून तळून काळं पडलेलं कोमट तेल.

"काय दिसतंय?" महाराज कर्ण्यावरून गरजले.

"पाप!" मांडव ओरडला.

"कुणाचं?"

"आमचं!"

हॉटेलच्या तेलाचं पाप यांच्या माथी कसं आलं, हे विचारायची शुद्ध होती कुणाला? महाराजांनी शेजारच्या प्लास्टिकच्या जगमधलं 'पावनजल' बरणीत ओतलं, ती खळाखळा हलवली, वर रेशमी कापड टाकलं आणि डोळे मिटून मंत्र पुटपुटले. गाणी झाली, टाळ्या झाल्या. तासाभरानं कापड उचललं, तर खाली काळाकुट्ट थर आणि वर लख्ख सोनेरी तेल. बायका रडायलाच लागल्या. आणि हे तेल टाकीत ओतलं की गाडी खरोखर चालायची हो! धूरसुद्धा कमी. एखाद्याचा फिल्टर तुंबलाच, तर महाराज म्हणायचे, "जुनं पाप सुटतंय, बाळा. सुटू दे."

मांडवाला लागूनच महाराजांचं घर; त्याच्या मागच्या खोलीच्या खिडकीच्या गजांतून वहिनी हे सगळं बघत होती. महाराजांच्या थोरल्या भावाची ही बायको, शाळेत सायन्स शिकवायची. घरच्या जुन्या जीपसाठी असलं तेल बनवायची खटपट मुळात तिचीच. धाकट्या दिरानं, आत्ताच्या या महाराजानं, एकदा बरणीतले ते दोन थर पाहिले आणि त्याच्या डोक्यात मांडव उभा राहिला. मग वहिनीची शाळेतली नोकरी सुटली. पावनजल बनवायला दुसरं होतं कोण? दरबाराच्या दिवशी सासूबाई बाहेरून कडी घालायच्या. "घराची अब्रू तुझ्या हातात आहे, सूनबाई." परगावी नोकरीला असलेला नवरा फोनवर म्हणायचा, "सांभाळून घे गं." सगळ्यांचं सांभाळून घ्यायचं ते हिनेच! खोलीत मिथेनॉलचे कॅन, कॉस्टिक सोड्याचा डबा, ऊन लागू नये म्हणून आत आणलेला कर्ण्यांचा ॲम्प्लिफायर, आणि झाकणं घट्ट लावूनही डोकं भणाणून सोडणारा वास.

इतक्यात गर्दीतून व्हॅनवाला पुढे आला. शाळेच्या मुलांची ने-आण करणारा साधा माणूस. कडेवर लेक होती, चिमी.

"महाराज, माझ्या गाडीचा काळा धूर तुम्ही घालवलात. ही माझी पोर कधीपासून खोकतेय बघा. इंजिनातलं पाप धुतलं जातं, तर हिच्या छातीतलं का नाही जाणार? चमचाभर पावनजल पाजा हिला."

मांडवानं जयजयकार केला. त्या बापाचं तरी काय चुकलं? महाराजांनी शिकवलेला धडाच त्यानं पुढे वाचला होता.

महाराजांचा चेहरा उतरला. "पुढच्या वेळी बघू," ते म्हणाले.

"आत्ता! आत्ताच!" लोक उठून उभे राहिले.

महाराज जग घेऊन खिडकीशी आले आणि माइकवर हात दाबून कुजबुजले, "वहिनी, यात पाणी घालून द्या. भरपूर घाला."

"भावजी, वेड लागलंय का तुम्हाला? पाणी घातलं म्हणून विष जातं होय? सोड्यानं पोरीचा घसा जळेल, मिथेनॉलनं डोळे जातील. जीवसुद्धा जाईल. नाही म्हणून सांगा त्यांना."

"नाही कसं म्हणू? फाडून खातील मला!" दिरानं जग मागे ओढला. "चमचाभरानं काय होतंय," असं पुटपुटत तो वळला.

वहिनीनं दार बडवलं. घसा फाटेस्तोवर ओरडली. पुन्हा सुरू झालेल्या गाण्याच्या गोंगाटात तिचं कोण ऐकणार? गजांतून दिसत होतं, चमचा भरला गेला. वासानं चिमीनं तोंड फिरवलं, बापानं तिची हनुवटी धरली. वहिनीनं ॲम्प्लिफायरमधली महाराजांची वायर उपटली आणि शेजारी पडलेला जादा माइक खुपसला.

"चमचा टाका! विष आहे ते! पोरीला पाजू नका!"

चारी कर्ण्यांतून आवाज घुमला. बापानं महाराजांच्या हातातला चमचा उडवला. मग एक म्हातारी कापऱ्या आवाजात म्हणाली, "आकाशवाणी!" झालं! सगळी गर्दी जमिनीवर लोटांगण घालायला लागली.

महाराज कसले बेरकी! "देवी बोलली!" त्यांनी हात उंचावले आणि हळूच खिडकीकडे पाहिलं. आता गप्प बसा, असं ती नजर सांगत होती. वहिनीला ते कळलं. पोर वाचली होती. गप्प राहिलं तर घर राहील, नवरा राहील, डोक्यावरचं छप्पर राहील. आणि उद्या या देवीच्या नावानं हा काय पाजेल?

"देवीबिवी कुणी नाही," कर्णे बोलले. "मी यांची वहिनी. सायन्सची बाई. मागच्या खोलीत आहे, बाहेरून कडी घातलीय. कुणीतरी काढा ती!"

सासूबाई दारापुढे आडव्या झाल्या. व्हॅनवाल्यानं त्यांना बाजूला सारून कडी काढली. वहिनी कॅन घेऊन बाहेर आली आणि त्यावरचं कवटीचं चित्र तिनं सगळ्यांपुढे धरलं.

"हे मिथेनॉल. यात कॉस्टिक सोडा विरघळवला की झालं तुमचं पावनजल; ते कोमट तेलात ढवळलं की तेलातून दोन वेगळे पदार्थ तयार होतात. हलका वर येतो, तो इंधन. जड खाली बसतो, ते ग्लिसरीन. त्याला पाप म्हणू नका, साबण होतो त्याचा! फिल्टर तुंबतो तो टाकीतला जुना गाळ सुटतो म्हणून. जुने रबरी पाइपही या तेलानं मऊ पडतात, ते बदलून घ्या, नाहीतर गळतील."

"मग मंत्र?" कुणीतरी विचारलं.

"मंत्राशिवायच होतं हो. घरच्या जीपसाठी मी करतच होते ना!"

"या घरात पुन्हा पाऊल टाकू नकोस," सासूबाई म्हणाल्या. महाराज डोकं धरून खाली बसले होते. एक टेम्पोवाला धावत येऊन वहिनीच्या पाया पडायला लागला. ती मागे सरली. "उठा आधी! इतके दिवस पाया पडलात, एकानं तरी विचारलंत का, जगमध्ये काय आहे म्हणून?"

मग व्हॅनवाल्यानं चाचरत विचारलं, "बाई, माझ्या चिमीच्या खोकल्याचं काय?"

"मला माहीत नाही."

मांडव गोंधळला. असलं उत्तर तिथं आजवर कुणी दिलंच नव्हतं.

"माहीत नाही, म्हणूनच तर तपासायचं. डॉक्टर छाती बघतील, मग काय ते औषध. चला, मी येते बरोबर." आणि अंगावरच्या कपड्यांनिशी ती व्हॅनमध्ये जाऊन बसली.

ज्याच्याकडे सगळ्या दुखण्यांचं उत्तर तयार असतं, तो चमचा पुढे करील तेव्हा तोंड उघडायच्या आधी एवढंच विचारा: यात काय आहे?