कासवांना पाणी

पंचफुलाबाईंनी चहाचा कप बाकावर तसाच ठेवला आणि तेलाच्या डब्यात हात घातला.

डबा आडवा कापलेला होता आणि उन्हानं पत्रा इतका तापला होता, की त्यांची बोटं चटकली. आत कासवाची पिल्लं होती. लिंबाएवढी. एकमेकांच्या पाठीवर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची, आणि त्यांची नखं पत्र्यावर घासून सारखी खडखड चालली होती. कुणीतरी टाकलेल्या भाताच्या शितांचे वाळून खडे झाले होते. पाण्याचा टिपूस नव्हता.

“हे काय मांडलं रे, मारोती?”

मारोती ग्लास विसळत होता. इचोड्याला निर्मल-आदिलाबाद बस चहापाण्यासाठी जिथं थांबायची, तिथं त्याची टपरी. चहाबरोबर ट्रकवाल्यांसाठी आरसे, प्लास्टिकच्या माळा आणि लिंबू-मिरच्या ठेवायचा. बाई दर महिन्याला शिक्षकांच्या मीटिंगला निर्मलला जायच्या, त्यामुळं तो त्यांना ओळखत होता.

“कासव हायत, टीचरम्मा. कडप्याकडचे ट्रकवाले आणून देतेत. गल्ल्यापाशी ठेवलं का बरकत येते म्हंतेत लोकं. नेता का एखादं?”

“पाणी काऊन नाई ठेवलं यायले?”

“मागतच नाईत.”

पंचफुलाबाईंना राग आला की त्या आवाज चढवत नसत. शुद्ध बोलायला लागत. बाई पुस्तकातलं बोलू लागल्या की छडी आली, हे त्यांच्या शाळेत पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

“मारोती, कासव हा पाण्यात राहणारा प्राणी आहे. तू त्यांना तापलेल्या डब्यात कोरडं ठेवलं आहेस. ती तहानेनं तडफडत आहेत, हा आवाज तुला ऐकू येत नाही का? मुक्या जिवाचे हाल करून कुणाच्या घरात बरकत येत नसते.”

बसमधले उतारू चहाचे कप हातात घेऊन जवळ आले. पांढऱ्या टोपीचा एक म्हातारा म्हणाला, “फारेस्टवाल्यायले कळलं तं आत टाकतीन तुले.” मारोतीचा चेहरा उतरला. तो काही दुष्ट माणूस नव्हता. चिल्लर संपली की गोळ्या देऊन मोकळं व्हावं, तसा त्याचा सगळा व्यवहार होता; त्यात पाप असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं. त्यानं डबा उचलून बाईंच्या मांडीवर ठेवला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.

“मले काय मालूम, बाई. आमी अडाणी मानसं.”

“आता मालूम झालं ना? विकू नको. आन् विकशीलच, तं निदान पाण्यात तरी ठेव. भरपूर पाण्यात. समजलं?”

“समजलं.”

“काय समजलं? सांग.”

आणि मारोतीनं चारचौघांत, शाळकरी पोरासारखा हात बांधून सांगितलं, “कासव पाण्यातला जीव हाय. भरपूर पाण्यात ठेवाचं.”

बसमध्ये बाईंनी पाण्याची बाटली डब्यात रिकामी केली. पिल्लांनी माना काढून पाणी प्यायलं, तेव्हा बाईंचे डोळे भरून आले. आदिलाबाद येईपर्यंत त्या डब्याशी बोलत होत्या. शेजारच्या बाईनं जरा सरकून घेतलं.

त्यांचं गाव जैनथच्या पलीकडं, पैनगंगेच्या काठाला. हे त्यांचं माहेरच. शाळा इथं मिळाली म्हणून त्या इथंच राहिल्या आणि जैनथच्या कचेरीत कारकून असलेल्या त्यांच्या नवऱ्याला, भिवाजींना, सायकल मारत जावं-यावं लागलं. केस पिकले तरी गाव त्यांना अजून ‘जावई’च म्हणायचं. वस्तीनं दीक्षा घेतल्यावर स्वतःची विहीर खणली, तेव्हा बाईंच्या वडिलांनी नदीतून एक कासव ओल्या गोणपाटात गुंडाळून आणलं आणि विहिरीत सोडलं. कासव असलं की पाणी नितळ राहतं. दुसऱ्यांच्या विहिरीवर लांब उभं राहून पाणी मागितलेल्या माणसांना आपल्या विहिरीत आपलं कासव असण्याचं केवढं अप्रूप! ते अजून होतं. काठावरून भाकरीचा तुकडा टाकला की परातीएवढी चपटी पाठ हळूहळू वर यायची. बाईंना तर ते माहेरच्या माणसासारखं होतं.

म्हणून पिल्लांचं काय करायचं, हा प्रश्नच नव्हता.

“अजी, पाहा कोनाले आणलं,” त्यांनी विहिरीवर भिवाजींना हाक मारली.

भिवाजींनी एक पिल्लू तळहातावर घेतलं. पाठ घुमटासारखी उंच, त्यावर पिवळ्या रेघांच्या चांदण्या. पाय आखूड, खांबासारखे जाड.

“आपल्या कासवासारखं नाई दिसत हे.”

“लहान हायत अजून. वाढतीन तशे चपटे होतीन.”

“पायाले पडदा बी नाई.”

“कचेरीतले कागद पाहता तसं कायले उलटून-पालटून पाहून राह्यले? तहानेनं जीव चालला त्यायचा.”

भिवाजींनी पिल्लू परत डब्यात ठेवलं. बाईंपुढं गप्प बसणं हा त्यांच्या संसाराचा जुना कायदा होता आणि आजवर त्यात कुणाचं नुकसान झालं नव्हतं.

बाईंनी पिल्लं बादलीत ठेवली आणि दोर सोडत सोडत बादली पाण्यात बुडवली. पिल्लं पाण्यात आली, जोरजोरात पाय हलवू लागली आणि एकेक करून खाली दिसेनाशी झाली. पाणी पुन्हा काळंभोर, शांत झालं.

“गेले घरी,” बाई म्हणाल्या. त्यांचा जीव भांड्यात पडला.

एक पिल्लू तेवढं मागं राहिलं होतं. ते डोळे उघडत नव्हतं, मान टाकून पडलं होतं. ते काही जगणार नाही, हे दिसतच होतं. अशा दुबळ्याला मोठं कासव खाऊन टाकील, त्यापेक्षा घरात सुखानं मरू दे, असं म्हणून बाईंनी त्याला टोपलीत कापसावर निजवलं आणि टोपली खाटेखाली सरकवली.

ते मेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर बाईंना खाटेखाली खसखस ऐकू आली. पिल्लू टोपलीबाहेर पडलं होतं आणि निवडताना सांडलेली मेथीची पानं चावत होतं. आठवडा उलटेपर्यंत ते घरभर फिरायला लागलं. उंबऱ्याशी जायचं, उन्हाचा कवडसा पाहून तिथं बसायचं. भिवाजी त्याला ‘साहेब’ म्हणू लागले, कारण ते दहाच्या आधी उठत नसे.

“आता बरं झालं साहेब,” एका रविवारी सकाळी बाई म्हणाल्या. “याले बी त्याच्या भावंडायपाशी सोडू.”

आधी पाण्याची सवय व्हावी म्हणून त्यांनी मोठ्या पातेल्यात पाणी भरलं आणि पिल्लू त्यात सोडलं. ते दगडासारखं तळाला गेलं. तळाशी त्याचे चारही पाय वेड्यासारखे हलू लागले. नखं पितळेवर घासली, खडखड, खडखड, आणि तोंडातून दोन बुडबुडे वर आले.

इचोड्याचा तो आवाज बाईंनी ओळखला. त्यांनी पिल्लू झटक्यात बाहेर काढलं. त्यानं नाकातून पाणी टाकलं, मान ताणून तोंड उघडलं आणि बऱ्याच वेळानं जमिनीवर चालू लागलं, पातेल्यापासून लांब.

बाईंनी त्याला टोपलीत ठेवलं. मग म्हणाल्या, “अजी, दाढीचा आरसा घ्या.”

विहिरीत भांडं पडलं की गावात आरशानं ऊन आत टाकून शोधतात. भिवाजींनी काठावर उभं राहून आरसा धरला. उन्हाचा तुकडा दगडांवरून घसरत पाण्यावर आला, पाण्यातून खाली गेला. मोठं कासव भाकरीच्या आशेनं वर आलं आणि बाजूला झालं. त्याच्या खाली, तळाच्या वाळूवर, पिवळ्या रेघा दिसल्या. काही उलट्या पडलेल्या होत्या.

भिवाजींनी तोंड फिरवलं आणि ऊन हललं.

“धरा नीट,” बाई म्हणाल्या. त्यांना सगळी पाहायची होती.

भिवाजी दोराला धरून विहिरीत उतरले. वर आल्यावर त्यांनी बादलीवर धोतराचा ओला सोगा टाकला होता. शाळेमागच्या बाभळीखाली दोघांनी खड्डा केला. भिवाजींनी एकेक करून पिल्लं खड्ड्यात ठेवली. ‘मी म्हणालो होतो’ एवढं जरी ते म्हणाले असते, तरी बाईंना बरं वाटलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा नवऱ्यानं आपल्याला रागवावं असं त्यांना वाटत होतं, आणि त्या भल्या माणसाला तेवढं येत नव्हतं.

“मी पाह्यलं होतं हो,” शेवटी त्याच म्हणाल्या. “पाठ उंच हाय, पायाले पडदा नाई, सगळं दिसत होतं मले. जमिनीवरचे जीव ते. तुमी बोलले तं तुमाले गप केलं.”

“तू चांगल्यासाठीच केलं.”

“त्या मारोतीनं काई चांगलं कराले नाई घेतलं, म्हणून त्याच्यापाशी जिते होते.”

खड्डा बुजवताना त्या एकदम थांबल्या. हातातली माती तशीच राहिली. आपण त्या टपरीवर काय शिकवून आलो, ते त्यांना आठवलं. नुसतं शिकवलं नव्हतं, म्हणवूनही घेतलं होतं. गावात म्हण होती, पंचफुलाबाईंचा धडा एकदा डोक्यात गेला की म्हातारपणापर्यंत जात नाही. या म्हणीचा त्यांना फार अभिमान होता.

सोमवारी त्यांनी रजा टाकली. मारोतीला दाखवायला पिल्लू हवं, म्हणून त्याला कापसात गुंडाळून कापडी पिशवीत ठेवलं. जैनथहून आदिलाबाद, तिथून इचोडा. वाटेत कापसाच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. बस मुंगीच्या पावलानं चालली होती. काय बोलायचं ते बाई मनाशी जुळवत होत्या. माझं चुकलं, असं सरळ म्हणायचं. पोरांसमोर त्यांनी ते कधी म्हटलं नव्हतं, पण मारोतीसमोर म्हणायचं. तो म्हणेल, अरे बाप रे, बरं झालं सांगितलं. आणि नवी पिल्लं आलेलीच नसतील कदाचित. रोज थोडीच येतात.

बस थांबायच्या आधीच मारोतीनं त्यांना खिडकीत पाहिलं आणि हातातलं फडकं टाकून धावत आला.

“टीचरम्मा! या, या. तुमचीच वाट पाहत होतो. तुमाले दाखवाचं होतं.”

“मारोती, ऐक माझं—”

“पैले पाहा तं!”

टपरीच्या मागं, पत्र्याच्या सावलीत, निळा प्लास्टिकचा टब होता. नवाकोरा. वरून ओलं गोणपाट टाकलेलं, ऊन लागू नये म्हणून. मारोतीनं अदबीनं गोणपाट बाजूला केलं. टब काठोकाठ भरलेला होता.

“काल सांजेलेच ट्रकवाला देऊन गेला. आल्याबरोबर पाण्यात सोडले. तुमी सांगतलं तसं, भरपूर पाण्यात.” तो हसत होता. आयुष्यात कुणी शाबासकी देईल असं काम त्यानं पहिल्यांदाच केलं असावं. “पुढच्या ढाब्यावाल्यायले बी सांगतलं. या रोडावर आता कोनी कासव कोरडं ठेवत नाई, बाई.”

पंचफुलाबाई टबापाशी बसल्या. काय बोलायचं ते सगळं जुळवलेलं होतं, पण त्यांना ना पुस्तकातली भाषा सुचली, ना घरातली. त्यांनी बाहीसकट हात पाण्यात घातला.

“पैले दिवसभर खडखड करत राह्यचे,” मारोती त्यांच्या खांद्यावरून वाकून, हलक्या आवाजात म्हणाला, “आता पाहा कशे निवांत झोपले.”

बाईंच्या खांद्याला अडकवलेल्या पिशवीत पिल्लू जागं झालं आणि कापड नखांनी ओरबाडू लागलं.