बिनशिक्क्याचा लिफाफा

आमच्या प्रभाग कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आधी माझ्या टेबलावर येतो. पडेगावच्या कुणा आजोबांचा नळाला पाणी नसल्याचा अर्ज असो की मुख्य कार्यालयाचं पत्र, मी त्यावर जांभळा गोल शिक्का मारते, तारीख टाकते, आवक रजिस्टरात नंबर देते. मग ज्याचा कागद त्याच्या टेबलावर नेऊन रजिस्टरात सही घेते. सही घेतल्याशिवाय कागद सोडायचा नाही. तीन वर्षं हेच काम, कंत्राटी, पण मन लावून. एकदा टपालात साहेबांच्या पुतणीची लग्नपत्रिका आली, तर मी तिलाही नंबर देऊन टाकला. ऑफिस आठवडाभर हसत होतं.

अशी मी, पण माझ्या स्वतःच्या लिफाफ्यावर शिक्का मारला नाही.

हे काम मला मुक्ताताईंनी शिकवलं. आस्थापना विभागाच्या त्या वरिष्ठ लिपिक. कुणाला कुठं बसवायचं, कुणाची रजा, कुणाची मुदतवाढ, सगळ्या फायली त्यांच्या हातून जातात. पहिल्या दिवशी मी डबा घेऊन कोपऱ्यात बसले होते, तर लांबूनच हाक आली, "ए पोरी, गाव कुठलं?"

"कन्नड."

"मग लांब का बसलीस? माझ्या माहेरचीच निघालीस की!" आणि त्यांनी ठेच्याची डबी माझ्याकडं सरकवली. त्या दिवसापासून आमचा डबा एकत्र.

कृष्णा झाला आणि मी चार महिन्यांनी कामावर परत आले तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. कृष्णा झोपेत श्वास घ्यायचा थांबेल, असं मनात बसलं होतं. तो झोपला की मी त्याच्या पोटावर नजर लावून श्वास मोजायचे. ऑफिसातून दर अर्ध्या तासाला सासूबाईंना फोन. त्या वैतागायच्या. "अगं बाई, झोपलंय लेकरू. तुला श्वास दाखवायला उठवू का आता त्याला?"

एक दिवस त्यांचा फोन लागेना. मी रेकॉर्ड रूममध्ये रॅकच्या मागं बसले आणि मला उठताच येईना. हातापायाला मुंग्या, छातीत धडधड. मुक्ताताईंनी मला उठवलं, रिक्षात घातलं आणि घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या ओपीडीत दोन तास माझा हात धरून बसल्या. माझा हात थरथरत होता म्हणून केसपेपर त्यांनीच भरला. सोबतच्या नातेवाईकाचं नाव या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं, आणि नातं या रकान्यात लिहिलं, बहीण.

डॉक्टरांनी एक छोटी गोळी दिली, संध्याकाळी अर्धी. दूध पाजण्याबद्दल मी त्यांना तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी चालेल म्हणून सांगितलं, तिसऱ्यांदा कागदावर लिहूनच दिलं. त्या अर्ध्या गोळीनं मी माणसात आले. घरी फक्त गोकुळला, माझ्या नवऱ्याला, माहीत होतं. "आईला नको सांगू," तो म्हणाला, "तिला वाटंल तू येडीबिडी झालीस." ऑफिसात फक्त ताईंना माहीत होतं.

मग या वर्षी ते परिपत्रक आलं. आमच्याकडच्या एका टँकर ड्रायव्हरनं गाडी भिंतीवर घातली आणि त्याच्या खिशात बटणाचं पाकीट निघालं. आमच्या शहरात बटण म्हणजे काय ते शाळेतल्या पोरांनाही सांगावं लागत नाही. झोपेच्या, मनाच्या आजाराच्या गोळ्या, नशेसाठी खाल्लेल्या. परिपत्रकात होतं की ज्या कंत्राटी लोकांना कायम करायचं आहे त्यांची आधी नशेची चाचणी होईल, आणि जो सापडेल त्याचं कंत्राटही वाढणार नाही. नियम चार: कुणाला डॉक्टरांचं औषध चालू असेल तर त्यानं ते चाचणीच्या आधी, बंद लिफाफ्यात, आस्थापना विभागाला लेखी कळवावं. नंतर आणलेला कागद चालणार नाही.

आमच्याकडं कायम होण्याच्या यादीत चार नावं होती आणि जागा तीन. सेवाज्येष्ठतेनं पहिले रामकिसन शिपाई, दुसरी संगणकावरची अजरा, तिसरी मी. चौथा अभय, मुक्ताताईंच्या बहिणीचा मुलगा. तो ऑफिसातही त्यांना मावशीच म्हणायचा.

सोमवारी अजरा लिफाफा घेऊन माझ्यापुढं उभी राहिली. तिला खोकल्याचं औषध चालू होतं. "मार शिक्का."

"अगं, गोपनीय आहे ना ते?"

"आत गोपनीय हाये. बाहेरून मार ना बावा! नंबर दे, आणि मला पोच दे. माझे अब्बू कचेरीत होते, म्हणायचे, बिनशिक्क्याच्या कागदाचा पोरांना पतंग करून द्या."

"चार घोट खोकल्याच्या औषधाला पोच मागतीस?" मी हसले. "एवढा अविश्वास?"

"हाव, एवढा," ती म्हणाली आणि पोच घडी करून पर्समध्ये ठेवली.

माझा लिफाफा तेव्हा ड्रॉवरमध्ये तयार होता. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स आणि एका ओळीचं पत्र. बंद लिफाफ्याची बाहेरून नोंद करायची असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मी शिक्का उचललाही होता. तेवढ्यात मुक्ताताई आल्या, टेबलावर वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, "सोने, तुझं रजिस्टर साऱ्या ऑफिसला चाळायला मोकळं. तुझ्या नावापुढं औषधाची नोंद दिसली की दुपारी चहाच्या टपरीवर, संध्याकाळी तुझ्या सासूच्या कानावर. आण इकडं. माझ्या कपाटात ठेवते. मी हाय ना."

मला किती बरं वाटलं ते काय सांगू. मी लिफाफा त्यांच्या हातात दिला. पलीकडून अजरानं बघितलं आणि मान खाली घालून टाइप करत राहिली. ताईंनी लिफाफा कपाटात ठेवला की कुठं, ते मी बघितलं नाही. झोपलेल्या लेकराचे श्वास मोजणारी मी, तेवढं मात्र बघितलं नाही.

बुधवारी चाचणी झाली. प्लास्टिकचे कप, त्यात बुडवायच्या पट्ट्या. त्या पट्टीचं उलटं असतं, रेघ उमटली नाही म्हणजे सापडला. माझ्या पट्टीवर एक रेघ उमटली नाही. चाचणीवाल्या बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी घाबरले नाही. मी आधीच लिहून दिलं होतं ना.

शुक्रवारी साहेबांनी बोलावलं. समोर माझा अहवाल. बाजूच्या खुर्चीत मुक्ताताई, मांडीवर फाईल.

"मॅडम, हे काय आहे?"

"सर, मला डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे. नियम चारप्रमाणं मी सोमवारीच लेखी कळवलंय."

"कुणाकडं?"

"मुक्ताताईंकडं."

"आवक नंबर?"

नंबर नव्हताच.

साहेबांनी चष्मा काढला. "आवक तुम्हीच बघता ना? माझ्या पुतणीच्या लग्नाला नंबर दिला होता तुम्ही."

मी ताईंकडं बघितलं. वाटलं, आता त्या फाईल उघडतील. पिवळसर लिफाफा, डाव्या कोपऱ्यात डिंकाचा डाग, मला तो डोळ्यांसमोर दिसत होता.

"माझ्याकडं असं काही आलं नाही साहेब," ताई म्हणाल्या. आवाज अगदी नेहमीचा, कुणाची रजा शिल्लक नाही हे सांगताना असतो तसा. "गोळ्या घेते हे मला माहीत होतं. मीच सांगत होते, बंद कर गं बाई. लेकुरवाळी आहे बिचारी. सांभाळून घ्या."

"तुम्हाला माहीत होतं, हे काही कळवणं झालं नाही," साहेब ताईंना म्हणाले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी पर्समधून चिठ्ठी काढून पुढं धरली. त्यांनी हात लावला नाही. "आधी द्यायची होती."

बाहेर व्हरांड्यात मी ताईंना गाठलं. "ताई, लिफाफा?"

त्यांनी इकडं तिकडं बघितलं. माझा दंड धरून खिडकीपाशी नेलं, घाटीत धरला होता तसाच. "हे बघ, तुझा नवरा कंपनीत हाय. तू एमए झालेली, कुठंबी लागशील. अभयला बाप नाय. हे एवढं हुकलं तर त्याचं वय निघून जातंय. आणि खरं सांगू? तुझ्या असल्या तब्येतीत तू लेकराकडं बघावं."

"माझी तब्येत तुम्हीच..."

"मावशी, चहा सांगू का?" दारातून अभयनं विचारलं.

"दोन सांग," ताई म्हणाल्या.

मी चहा न घेता घरी गेले. बातमी माझ्या आधी पोचली होती. सासूबाई, भागूबाई, कृष्णाला कडेवर घेऊन दारातच उभ्या. मी हात पुढं केले, कृष्णानंही केले, पण त्या मागं सरकल्या.

"आधी सांग. तू बटण खातीस?"

"आई, ते औषध आहे. डॉक्टरांनी..."

"तसलं खाऊन माझ्या नातवाला दूध पाजलंस? व्हय का नाय, एवढंच सांग."

कृष्णा रडायला लागला. मी त्यांच्या मागं उभ्या असलेल्या गोकुळकडं बघितलं. त्याला सगळं माहीत होतं. गोळ्या संपल्या की शहागंजच्या दुकानातून तोच आणायचा, चिठ्ठी दाखवून. त्यानं एक वाक्य बोलायचं होतं फक्त. तो खाली वाकून चप्पल शोधत राहिला. पायातच होती.

"गोकुळ," मी म्हणाले.

"आई, दे तिला लेकरू," तो म्हणाला. "रडतंय." बाकी काही नाही. लेकरू रडतंय म्हणून द्यायचं, आईचं आहे म्हणून नाही.

रविवारचा सबंध दिवस मी कृष्णाला घेऊन आतल्या खोलीत बसले. गोळी घ्यावी की नाही हेही कळेना. घेतली तर सासूबाईंचं खरं, नाही घेतली तर पुन्हा रात्रभर श्वास मोजणं. शेवटी घेतली. सासूबाईंच्या समोर, स्वयंपाकघरात, अर्धी तोडून, त्यांना चिठ्ठी वाचून दाखवून. उरलेली अर्धी त्यांनी पाकिटाच्या कागदात गुंडाळली आणि कृष्णाचा हात पोचणार नाही अशा वरच्या फळीवर ठेवली.

सोमवारी मुख्य कार्यालयाचं टपाल आलं. सात पाकिटं. शेवटच्यात आदेश होता. रामकिसन, अजरा आणि अभय कायम. माझं कंत्राट या महिनाअखेरीनंतर वाढणार नाही, कारण नियम चार.

मी त्याच्यावर शिक्का मारला. तारीख टाकली. रजिस्टरात पुढचा नंबर दिला आणि विषयाच्या रकान्यात माझंच नाव लिहिलं. अक्षर नेहमीपेक्षा चांगलं आलं.

मग ड्रॉवरमधून माझा अर्ज काढला. रविवारी लिहिलेला, फेरचौकशीचा. मागच्या सोमवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास, पिवळसर लिफाफा, डाव्या कोपऱ्यात डिंकाचा डाग, कुणाच्या हातात दिला, त्या काय म्हणाल्या, आणि शुक्रवारी खिडकीपाशी काय म्हणाल्या, सगळं. अजराकडं गेले.

तिनं वाचलं. तिच्यापुढं कायम झाल्याचा तिचा कागद पडला होता. "सोनिया, माझी ऑर्डर आजच आली गं," ती म्हणाली.

"माहीत आहे. मीच नंबर दिलाय."

तिनं ओढणी सारखी केली. पुन्हा एकदा वाचलं. "लिफाफा देताना मी बघितलंय. आत काय व्हतं ते नाय बघितलं. खिडकीपाशी काय बोलणं झालं तेबी नाय ऐकलं. माझं तेवढंच लिहीन. जास्त नाय, कमी नाय."

"तेवढंच लिही."

तिनं खाली दोन ओळी लिहिल्या, सही केली, आणि मला न विचारता तारीख टाकली.

मी अर्जावर शिक्का मारला. आदेशाच्या पुढचाच नंबर आला. मागं डॉक्टरांची चिठ्ठी जोडली आणि तिच्यामागं घाटीतल्या केसपेपरची झेरॉक्स. एक प्रत थेट साहेबांकडं दिली, रजिस्टरात त्यांची सही घेतली. मग रजिस्टर घेऊन मुक्ताताईंच्या टेबलावर गेले. अर्ज आस्थापनेचा, म्हणजे त्यांचाच.

जेवणाची वेळ झाली होती. त्यांनी डबा उघडला होता. सवयीनं ठेच्याची डबी माझ्याकडं सरकली, मग त्यांच्या लक्षात आलं आणि हात तिथंच राहिला.

"आवक आहे," मी म्हणाले. "सही."

त्यांनी अर्ज वाचला. अजराच्या दोन ओळींपाशी थांबल्या. पान उलटलं, चिठ्ठी. पान उलटलं, केसपेपर. तिथं त्यांचं बोट स्वतःच्या अक्षरावर थांबलं. नातं, बहीण.

"हे कशाला जोडलंस?" त्या हळूच म्हणाल्या. "याचा इथं काय संबंध?"

"तुम्हाला केव्हापासून आणि कसं माहीत होतं, त्याचा कागद आहे."

"सोने, असं करू नको. आपलं घरच्यासारखं..."

"ताई, कागद सोडता येत नाही. तुम्हीच शिकवलंय."

त्यांनी दाराकडं बघितलं. अभय पेढ्यांचा बॉक्स घेऊन आत येत होता, टेबलाटेबलांवर वाटत. आमच्यापाशी आला आणि पेढा कुणाला आधी द्यावा ते न कळून तसाच उभा राहिला. ताईंनी पेन उचललं. सही केली, घाईघाईत, आडवी, आणि रजिस्टर मिटून माझ्याकडं ढकललं.

मी ते उघडलं, नंबर शोधला आणि पुन्हा त्यांच्यापुढं ठेवलं.

"तारीख राहिली," मी म्हणाले. "आणि वेळ पण टाका."